विश्लेषण : अटाकामातली ओसाड खाणगावं वाचली, पण तिथल्या मजुरांच्या इतिहासाचं काय?

चिलीच्या उत्तरेला, इकिके बंदरापासून साधारण ४५ किलोमीटरवर अटाकामा वाळवंटात हंबरस्टोन नावाचं गाव आहे. नाट्यगृह आहे, बाजार आहे, चक्क लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलावही आहे. नाहीत ती फक्त माणसं. १९६० मध्ये इथला कारखाना बंद पडला आणि गाव रिकामं झालं. २००५ मध्ये हंबरस्टोन आणि शेजारचं सांता लॉरा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि त्याच वर्षी ‘धोक्यातील वारसा’ यादीतही. डागडुजीनंतर २०१९ मध्ये हा धोक्याचा शिक्का पुसला गेला. इमारती वाचल्या, हे चांगलंच झालं. पण तिथे कोण राबलं आणि कशाच्या मोबदल्यात, हे सांगितलं नाही, तर उरतो तो फक्त रीलपुरता गंज.

इथे नेमकं काय मिळायचं?

सोडियम नायट्रेट. हे पाण्यात सहज विरघळतं. कोकणात असतं तर एका पावसाळ्यात वाहून गेलं असतं. अटाकामात पाऊस जवळपास पडतच नाही, म्हणून ते जमिनीत टिकलं. ‘कलिचे’ हा खडक सुरुंगाने फोडायचा, भरडायचा, वाफेने तापणाऱ्या प्रचंड टाक्यांत उकळायचा आणि द्रावण निववून स्फटिक काढायचे. युरोपातल्या शेतांचं खत आणि तोफांची स्फोटकं, दोन्ही यातूनच. या पट्ट्यासाठी १८७९ मध्ये चिली, पेरू आणि बोलिव्हियात युद्ध पेटलं. बोलिव्हियाने समुद्रकिनारा गमावला, तो याच युद्धात.

पगार मिळायचा, पण पैशांत नाही

मजुरांच्या हातात पडायचे कंपनीचे बिल्ले. ते चालायचे कंपनीच्याच दुकानात. भाव कंपनीचा, तराजूही कंपनीचा. मापात पाप झालं तरी दाद कुणाकडे मागणार?

डिसेंबर १९०७ मध्ये हजारो मजूर वाळवंट तुडवत इकिकेला पोहोचले. मागण्या अगदी साध्या होत्या : बिल्ल्यांना पूर्ण किंमत द्या, दुकानाबाहेर वजन तपासायला काटा ठेवा, रात्रशाळा काढा. आणि उकळत्या टाक्यांवर लोखंडी जाळी बसवा, कारण माणसं त्यात पडत होती. २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत थांबलेल्या या मजुरांवर आणि त्यांच्या कुटुंबांवर लष्कराने गोळीबार केला. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. सरकारी आकडा दीडशेच्या आत, तर इतर अंदाज २००० आणि त्याच्याही पुढे जातात.

हंबरस्टोनचं नाट्यगृह बघताना ही जाळीची मागणी आठवायला हवी. जाळीला किती खर्च आला असता?

मग हे सगळं संपलं कसं?

प्रयोगशाळेतून. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश यांनी ते तंत्र कारखान्यात उतरवलं आणि १९१३ मध्ये जर्मनीत उत्पादन सुरू झालं. वाळवंट खोदण्याची गरजच उरली नाही. सरकारी तिजोरी एकाच खनिजावर भरणाऱ्या चिलीला हा फटका जबर बसला. एकेकाळी २०० हून जास्त कारखाने असलेल्या या माळरानावरची गावं एकामागून एक ओस पडली.

आज याच अटाकामात नवं ‘पांढरं सोनं’ आहे, लिथियम. मिठागराखालचं खारं पाणी उपसून उन्हात आटवतात आणि त्यातून ते मिळतं. तुमच्या फोनची बॅटरी त्यावरच चालते. हे लिथियम काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एसक्यूएम ही तर जुन्या नायट्रेट उद्योगातूनच जन्मलेली. पाणी असंच उपसत राहिलं तर आपल्या विहिरी आणि कुरणांचं काय होणार, असा प्रश्न मिठागराभोवतीचे आदिवासी लिकानआंताय समाज विचारत आहेत.