कमरेच्या पिस्तुलाचा हिशेब
अमेरिकेत रोज कमरेला बाळगावयाच्या पिस्तुलाची पारख इंच आणि औंस यांत होते. सिग साउअर कंपनीने २०१८ साली बाजारात आणलेले पी-३६५ घ्या. रुंदी सुमारे एक इंच, रिकामे असता वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तरीही मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरची १० काडतुसे! कारागिरी खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु आखूड नळी आणि हलके वजन यांमुळे हाताला धक्का अधिक बसतो. नेम साधावयाचा तर सराव हवा आणि सरावाची काडतुसे फुकट मिळत नाहीत. सुज्ञ ग्राहक एवढा खर्च तरी धरतो.

न धरलेला खर्च निराळाच आहे. कमरेवरून उतरलेले भरलेले पिस्तूल रात्री कोठे असते? २०२१ साली त्या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. तेथे चोर दाराशी आलाच नव्हता. खचलेल्या माणसाच्या हाताशी पिस्तूल असणे आणि नसणे, यांत अनेकदा जीवनमरणाचे अंतर असते. पिस्तुलाच्या परीक्षणांत मात्र चापाच्या गुळगुळीतपणावर परिच्छेद खर्ची पडतात. कुलपाच्या पेटीला क्वचितच एखादी ओळ मिळते.