सीमेवरच्या सेवाव्रतींचे ऋण

आज 5 डिसेंबर. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 1985 सालच्या ठरावानुसार हा दिवस स्वयंसेवकांचा दिवस म्हणून पाळला जातो. असे दिवस भाषणांत उगवतात आणि हारतुऱ्यांत मावळतात, हा अनुभव आम्हांसही आहे. तथापि या निमित्ताने एक ऋण उघडपणे मान्य करावे, असे आम्हांस वाटते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात चर्चच्या सेवासंस्थांमार्फत, कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, गोरगरिबांच्या दारी जाणाऱ्या स्वयंसेवकांचे हे ऋण आहे. त्यांचे आभार मानण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागावा, असे आजचे वातावरण आहे. म्हणूनच ते आजच मानले पाहिजेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि मलप्रभा या नद्या एकाच वेळी कोपल्या. निपाणीनजीक यमगर्णीपाशी वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक ठप्प झाली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच घडले. नदीकाठची गावेच्या गावे शाळांत आणि समाजमंदिरांत येऊन राहिली. त्या दिवसांत मठ, देवस्थाने, तरुण मंडळे, मशिदींच्या समित्या आणि चर्चच्या संस्था अशा सर्वांनीच हात दिला. पाणी ओसरले की छायाचित्रकार परततात आणि खरे हाल तेव्हा सुरू होतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या किंवा घरी बसून हजारी दराने विड्या वळणाऱ्या बाईचे घर भिजले, म्हणजे तिचे पानही भिजते आणि मजुरीही बुडते. अशा घरी महिन्याभरानंतरही कोणी येऊन 'चूल पेटते का?' असे विचारत असेल, तर त्या माणसाची जात आणि धर्म विचारण्याचा अधिकार कोणास आहे?

घरी जाऊन विचारण्याची ही पद्धत नवी नव्हे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही सोबत्यांसह जी संस्था काढली, तीच पुढे संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने जगभर पसरली. गोव्यातील अनेक चर्चमधून तिचे काम चालते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. गरिबास आपल्या दारी रांगेत उभे न करता आपण त्याच्या घरी जावे आणि दिल्याघेतल्याचा गवगवा करू नये, हा तिचा शिरस्ता. सीमाभागालाही या परंपरेचा परिचय जुना आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ उभारले आणि कित्येक पिढ्यांचे रुग्ण तेथून बरे होऊन घरी परतले.

येथे आमचा एखादा वाचक अस्वस्थ होईल. त्याची अस्वस्थता आम्ही समजू शकतो. सोळाव्या शतकात गोमंतकात देवळे पाडली गेली, दैवते रातोरात नदीपार न्यावी लागली आणि 1560 पासून 1812 पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, इन्क्विझिशनचा वरवंटा या भूमीवर फिरत राहिला. तो इतिहास विसरा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु तो जुलूम राजसत्तेच्या बळावर झाला होता. तिच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा होते, पीटर आल्वारिस होते आणि कॅसलरॉकच्या रानातून गुप्त नभोवाणी चालविणाऱ्या लिबिया लोबोही होत्या. मुक्तिलढ्याच्या त्या काळात बेळगाव हे गोमंतकीय कार्यकर्त्यांचे हक्काचे ठाणे होते. तेथल्या घरांनी जेवू घातले, तेव्हा कोणी कोणाचा धर्म विचारला नव्हता.

आज मात्र तो विचारला जातो. 23 डिसेंबर 2021 रोजी बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने संमत केले. प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण यांचाही समावेश करण्यात आला. 2023 च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. कायद्यांचे काय व्हायचे ते होवो. संशय मात्र निर्णयाने रद्द होत नाही. सक्तीने वा फसवून कोणाचा धर्म बदलणे निंद्यच आहे आणि त्यास शासन झालेच पाहिजे. पण प्रत्येक तांदळाच्या पिशवीकडे पुरावा म्हणून पाहू लागलो, तर पिशवी देणारा उद्या येणार नाही आणि उपाशी राहील ती आपलीच विडीवाली बाई.

यास्तव दोन शब्द दोन्हीकडे सांगणे आम्हांस भाग आहे. चर्चच्या संस्थांनी सेवा आणि उपदेश यांची गल्लत होऊ देऊ नये. मदतीची यादी गरजेवरून ठरावी आणि हिशेब कोणासही पाहता यावा. आपल्या देवस्थान समित्यांस आणि मंडळांस आमचा प्रश्न अधिक टोकदार आहे. दुसऱ्याच्या सेवेचा हेतू शोधण्यात जो वेळ जातो, त्यातील निम्मा तरी आपण पूरग्रस्ताच्या घरी घालवितो काय? गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावे झाडली आणि वाटसरू व रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांची परंपरा सांगणाऱ्यांनी सेवेच्या बाबतीत कोणाचा हेवा करावयाचाच असेल, तर अधिक काम करून तो करावा.

सीमाप्रश्नाचे भिजत घोंगडे 1956 पासून पडून आहे. 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दरम्यान पाऊस दर वर्षी येणार आहे आणि वेदगंगा कोणाच्या राज्याची हद्द ओळखणार नाही. त्या पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकास, तो मठाचा असो, मशिदीचा असो की चर्चचा, आमचे कृतज्ञ वंदन. थोड्याच दिवसांत नाताळ येईल. सीमाभागातील आमच्या वाचकांनी त्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती घरी जावे आणि पुराच्या दिवसांत राहून गेलेला आभाराचा शब्द तेथे बोलून यावा, एवढीच आमची विनंती आहे.