नवऱ्याची सही मागणे थांबवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणेस.

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला. तिथल्या बायांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. आपल्याकडे कायदा भक्कम आहे, असे तेव्हा आम्हाला सांगण्यात आले.

कायदा भक्कम आहेच. १९७१ चा आहे. ज्या समितीच्या शिफारशींवर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते.

त्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याच्या सहीला जागा नाही. सासूच्याही नाही.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची वाट मोकळी केली. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असेही बजावले.

तरीही सही मागितली जाते. अविवाहित मुलीला आईबापाला घेऊन यायला सांगतात. आज या, सोमवारी या, सोनोग्राफी करून या. असे आठवडे जातात. मुदत उलटली की सांगतात, आता कोर्टात जा.

कोर्टात काय होते तेही आम्ही पाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन लेकरांच्या आईला सर्वोच्च न्यायालयाने ९ तारखेला परवानगी दिली. १६ तारखेला नाकारली.

म्हैसाळचे कारण पुढे करू नका. मार्च २०१७ मध्ये तिथे आधी गर्भपातात एक बाई मेली, मग पुरलेले १९ भ्रूण सापडले. ते गर्भपात करणारा डॉक्टर होमिओपॅथ होता. गर्भपात करण्याची परवानगी त्याला कायद्याने मिळूच शकत नव्हती. सरकारी दार बंद झाले की बाई अशाच दारी जाते.

लिंगनिदानाविरुद्ध कोण लढले, हेही आठवा. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भवती बाया पाठवून सोनोग्राफीवाले पकडून दिले. जोखीम बायांनी घेतली. आज त्याच मोहिमेचे नाव सांगून गर्भपाताच्या गोळ्या औषध दुकानांतून नाहीशा झाल्या आहेत. धाक मशीनवाल्याला बसायला हवा होता. तो बाईला बसला.

हे आम्ही चालू देणार नाही.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळ्या हव्यात. दर्शनी भागात मराठीत फलक हवा: बाईची संमती पुरे. सही मागणाऱ्यावर कारवाई होईल, असे परिपत्रक हवे. बाईची संमती पुरते, हे कायद्यातलेच आहे.

मुदत तीस दिवस.

त्यानंतर माणपासून जतपर्यंत, दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक बाईसोबत आमची कार्यकर्ती असेल. नकार लेखी मागितला जाईल. लेखी मिळाला नाही, तर तारीख, वेळ आणि नाव आम्ही लिहून घेऊ. सोनोग्राफी केंद्रांत शिरून पुरावे आणणाऱ्या बाया याच जिल्ह्यांतल्या आहेत. तुमची ओपीडी त्यांना अवघड नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. सातारा आणि सांगली त्याच्याच अखत्यारीत येतात. याचिकेसोबत ही नावे जोडली जातील.

मुदत आजपासून मोजावी.