ऑफसाइड: मुळात शाळकरी मुलांचाच नियम

ऑफसाइड लहान मुलांना झेपत नाही, ही मैदानावरची नेहमीची तक्रार. गंमत अशी की, हा नियम शाळकरी मुलांच्याच खेळात रुजला. इंग्लंडमधील ईटन शाळेच्या १८४७च्या नियमांत त्याला ‘स्नीकिंग’, म्हणजे चोरपावलांनी पुढे घुसणे, असे म्हटले आहे. चेंडू मागे आणि समोर प्रतिपक्षाचे तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असतील, तर त्या मुलाने चेंडू मारायचा नाही. दबा धरून बसणे गैर, एवढाच त्यामागचा भाव.

१८६३मध्ये फुटबॉल असोसिएशनने चेंडूच्या पुढे असलेल्या प्रत्येकालाच खेळाबाहेर ठरवले. १८६६मध्ये तीन प्रतिस्पर्ध्यांची अट आली. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनसारख्या बचावपटूंनी पुढे या अटीचाच सापळा केला, गोल आटले आणि १९२५मध्ये तिनांचे दोन झाले.

मुलांना मात्र अनेकदा आधी सापळाच शिकवला जातो: रेषा धरा, एकदम पुढे सरका. हा क्रम उफराटा आहे. नियमामागचे कारण आधी कळावे, रेषा नंतर. इंग्लंडमध्ये चिमुकल्यांच्या मिनी सॉकरमध्ये ऑफसाइड ठेवलेलाच नाही, हे शहाणपणाचे. तिथे मुले गोलाजवळ खुशाल ठाण मांडतात. ईटनच्या मुलांनीही तेच केले असणार; एरवी नियम लिहिण्याची वेळ कशाला आली असती?