आनंद संवत्सर आणि १०२४ आठवडे : अपुरी तारीख कशी वाचावी?

१/८
११ मार्च १७९५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. तेव्हा शके १७१६ चालू होते, संवत्सर आनंद. त्यापूर्वी १२० वर्षे, शके १५९६ मध्ये, रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. तेव्हाचे संवत्सरही आनंदच.

२/८
संवत्सरांची नावे ६०. ती संपली की पुन्हा प्रभवपासून आरंभ. म्हणून एखाद्या पत्रावर केवळ ‘आनंद संवत्सर, फाल्गुन वद्य’ असे असेल आणि शक नसेल, तर ते १६७५ चे, १७३५ चे, १७९५ चे की १८५५ चे, हे मितीवरून ठरत नाही. मिती चुकीची नसते, अपुरी असते.

३/८
जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेणाऱ्या घड्याळांपुढे हाच पेच आहे. ६ जानेवारी १९८० पासून उपग्रह आठवडे मोजतात. पण जुन्या संदेशरचनेत त्या आकड्याला १० बिटच दिलेले आहेत. १०२३ नंतर पुन्हा शून्य. हे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची.

४/८
२०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराचे सरकारी बिनतारी जाळे याच कारणाने कित्येक दिवस कोलमडले. उपग्रहांचे काही बिघडले नव्हते. आलेला आकडा कोणत्या आवर्तनातला, हे ग्राहकयंत्रांना ओळखता आले नाही.

५/८
यावर उपाय आहे. यंत्राच्या फर्मवेअरमध्ये एक आधारदिनांक ठेवतात. काढलेली तारीख त्याच्याही आधीची निघाली, तर १०२४ आठवडे मिळवतात. मात्र हा आधार १०२४ आठवडेच, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षे, पुरतो. म्हणूनच काही यंत्रे उपग्रहांचा आकडा शून्यावर येतो त्या दिवशी नव्हे, तर भलत्याच दिवशी मागे जातात.

६/८
इतिहासाचा अभ्यासकही असाच आधार शोधतो. त्या पत्रात सवाई माधवराव पेशव्यांचा उल्लेख असेल, तर १६७५ आणि १७३५ बाद होतात, कारण त्यांचा जन्म १७७४ चा. दौलतराव शिंदे सरदारीवर असल्याचे दिसले, तर १७९५ पक्के होत जाते.

७/८
फरक पुढे आहे. साक्षेपी संपादक अनुमानाने ठरवलेले वर्ष कंसात देतो. घड्याळ मात्र तेच वर्ष निःशंकपणे दाखवते. आज समाजमाध्यमांवर जुने कागद फिरताना तो कंस गळतो आणि अनुमान पुरावा म्हणून मिरवू लागते. पुढे कंसातले वर्ष चुकल्याचे सिद्ध झाले, तरी दुरुस्ती कोणापर्यंत पोहोचत नाही.

८/८
‘पूर्ण तारीख लिहा, प्रश्न मिटेल’ हे अर्धसत्य आहे. जीपीएसच्या नव्या संदेशरचनेत आठवड्याला १३ बिट आहेत. आवर्तन सुमारे १५७ वर्षांचे झाले, संपले नाही. जुनी यंत्रे आणि जुने कागद तर उरतातच. म्हणून कागद असो वा यंत्राची नोंद, तीन गोष्टी वेगळ्या जपाव्यात : मुळात काय लिहिले आहे, त्यावरून कोणते वर्ष काढले आणि कशाच्या आधारे. आधार नोंदलेला असेल, तरच पुढच्या अभ्यासकाला चूक सापडेल.