समाधानाची शिकवणी

कामात जीवनाचा अर्थ शोधून देणाऱ्या ‘लाइफ कोच’ मंडळींचे सध्या पेव फुटले आहे. स्वतःला ओळखा, ध्येय ठरवा, हा त्यांचा उपदेश चुकीचा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. श्रमिकाचा आपल्या श्रमावरील ताबा सुटला की काम त्याला परके होते, हे मार्क्सने १८४४ मध्येच दाखवून दिले. रोग व्यवस्थेचा आणि उपचार मात्र एकट्या माणसाच्या मनावर! कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करावयाचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली. हातातील ट्रे तोच राहिला. पण कारभारात मत मिळाले. शिकवणी जरूर लावावी. मात्र पहिला प्रश्न हाच विचारावा: माझ्या कामाचे निर्णय कोण घेतो?