आठवड्याच्या भेटीने शिक्षण होत नाही

स्वमग्न मुलाचे नाव शाळेच्या पटावर येते आणि अनेकदा गोष्ट तिथेच थांबते. घंटेचा आवाज, प्रार्थनेचा लाउडस्पीकर, मधल्या सुट्टीतला गलका, न सांगता बदललेला तास हे सगळे इतर मुले सहज पचवतात. या मुलाच्या मात्र ते अंगावर येते. ते कान झाकते, बाकाखाली शिरते, कधी ओरडते. मग आईला फोन जातो, आणि काही दिवसांनी ‘दोन तास बसवा आणि घेऊन जा’ असा तोडगा निघतो. पन्नास मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची नि सर्वेक्षणाची कामे सांभाळणाऱ्या वर्गशिक्षिकेला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. तिला या मुलाला कसे शिकवायचे हे कोणी शिकवलेले नाही आणि हाताशी माणूसही दिलेला नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. विशेष शिक्षकांचे प्रमाणही केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक. तरीही मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना मंजूर पदे जाहीर करण्याची मुदत घालून द्यावी लागली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण केली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यामुळे आधार मिळाला, आणि त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो.

अडचण पुढे आहे. ही पदे केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका केंद्राला एक, अशी आहेत. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा सहज असतात. त्यांत फिरणारा शिक्षक एका शाळेत आठवड्यातून एकदा पोचला तरी पुष्कळ. एखाद्या अस्थिव्यंग मुलाला व्हीलचेअर किंवा उतार मिळवून देण्यासाठी अशा भेटी उपयोगी पडतीलही. स्वमग्न मुलाला मात्र ओळखीचा माणूस, ठरलेली जागा आणि रोजचा तोच क्रम लागतो. आठवड्याने उगवणारा शिक्षक त्याच्यासाठी दर वेळी नवखाच असतो. बोलता न येणारे मूल चित्रांच्या पत्त्यांवरून पाणी मागायला शिकते, ते दिवसातून अनेकदा कोणीतरी तसे मागू दिल्यामुळे. एरवी हे काम कोण करते? वर्गात मुलाच्या सोबतीला बसणाऱ्या शॅडो टीचरचा पगार खिशातून देणारे शहरातले मोजके पालक. ज्यांना तो परवडत नाही, त्या घरात आई नोकरी सोडते आणि शाळेच्या पायरीवर बसून राहते.

म्हणून आमची मागणी आहे ती प्रत्येक केंद्रातल्या किमान एका नियमित शाळेत कायमचा कक्ष असावा, ही. तिथे रोज हजर राहणारा विशेष शिक्षक आणि एक मदतनीस हवा, भिंतीवर दिवसाचा चित्ररूप क्रम हवा, गोंगाट असह्य झाला की दहा मिनिटे बसायला शांत कोपरा हवा. खर्चाचा मोठा भाग माणसांवर होईल. जागा अनेक शाळांत रिकाम्या खोल्यांच्या रूपाने आहे. धोका एकच, आणि तो खरा आहे: त्रास देणारी मुले कोंडण्याची खोली म्हणून हा कक्ष वापरला जाईल. तो टाळण्यासाठी मुलाची हजेरी त्याच्या मूळ वर्गाच्याच पटावर लागली पाहिजे. चित्रकला, खेळ, खिचडीची पंगत, ज्या विषयात ते रमते तो तास, हे सगळे त्याने वर्गमित्रांबरोबरच करावे. कक्षात किती वेळ आणि वर्गात किती, हे विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक यांनी बसून ठरवावे व दर सत्रात पुन्हा तपासावे.

यासाठी दोन विभागांना एकत्र यावे लागेल: विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, नियमित शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग राज्याने २०२२ च्या डिसेंबरात मोठ्या अपेक्षेने स्थापन केला. विशेष शाळांमध्ये साठलेला अनुभव आज त्या विभागाच्या भिंतीआड राहतो आणि शेजारच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका एकटी झगडते. दोन्ही सचिवांनी एकत्र बसून संयुक्त शासन निर्णय काढावा, त्यात कक्षाच्या शिक्षकाला इतर कोणत्याही कामाला जुंपता येणार नाही असे स्पष्ट लिहावे, आणि पहिल्या तुकडीचे कक्ष येत्या जूनला शाळा उघडतील त्याच दिवशी सुरू करावेत.